गोव्याची नाकेबंदी आणि मानवाधिकार संस्थांचं मौन

गोवा मुक्तीचा इतिहास लिहिताना आपण १५ ऑगस्ट १९५५चा सत्याग्रह सांगतो, आग्वादचा तुरुंग सांगतो आणि थेट १९ डिसेंबर १९६१ला येऊन थांबतो. मधली सहाएक वर्षं दोन ओळींत उरकली जातात. ती नाकेबंदीची वर्षं होती. त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहितो आहे, कारण त्यांतून निघणारा प्रश्न जुना झालेला नाही.

भारत सरकारने १९५४ पासून गोव्यावर निर्बंध घालायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ते घट्ट आवळले. मुरगावहून कुळें, कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे सीमेशी तुटली. माल येईना, पैसे पाठवता येईनात, ये-जा परवान्यावर आली. सैन्य न वापरता पोर्तुगालवर दाब आणायचा, असा पं. नेहरूंच्या सरकारचा हिशेब होता.

पण दाब पडला कोणावर? सालाझार बसला होता लिस्बनला. इकडे गोव्यात पिकणारं भात गोव्याला पुरत नव्हतं. घरटी एखादा माणूस मुंबईला नाहीतर बोटीवर. कोणी गिरणीत, कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात, कोणी तारवटी म्हणून समुद्रावर. मुंबईतल्या कुडांत, म्हणजे गावागावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून ही माणसं घरी पैसे पाठवायची. त्या मनिऑर्डरीवर चूल पेटायची, पोरांची फी भरली जायची. ती वाट बंद झाली तेव्हा पहिला फटका बसला तो वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या आईला. गव्हर्नर जनरलच्या जेवणात त्यामुळे काही कमी पडलं नाही.

पोर्तुगीज सत्तेने तर दुसरी दारं उघडली. मुरगाव बंदरात पाकिस्तानातून तांदूळ आणि भाजी येऊ लागली, सिलोनहून चहा, जपानहून सिमेंट, हॉलंडहून बटाटे. दाबोळीला विमानतळ झाला, १९५५ साली गोव्याची स्वतःची विमानसेवा सुरू झाली. लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं, खाणवाले गब्बर झाले. विलायती माल स्वस्त झाला आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडेही जाऊ लागला. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याचं बरं चाललं. ज्याच्याकडे फक्त मनिऑर्डर होती तो अडकला. सत्ता काही हलली नाही. शेवटी सैन्यच धाडावं लागलं आणि दोन दिवसांत काम झालं.

हे लिहिताना मुक्तिलढ्याचं मोल कमी करायचा माझा हेतू नाही. सालाझारची राजवट जुलमी होती. मोहन रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायचे. १९५५ साली ते पकडले गेले, आणि गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. पोर्तुगालच्या तुरुंगातून ते बाहेर आले १९६९ मध्ये. अशा कैद्यांसाठी जगाने बोलायलाच हवं होतं.

आणि जग बोलायला लागलं होतं. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ सालच्या मे महिन्यात पीटर बेनेन्सन यांच्या लंडनमधल्या लेखातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा जन्म झाला. लिस्बनमध्ये दोन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला म्हणून त्यांना शिक्षा झाली, ही बातमी वाचून आपण पेटून उठलो, असं ते सांगत. त्या लेखातल्या कैद्यांमध्ये पोर्तुगीजांनी डांबलेले अंगोलाचे कवी आगोस्तिन्यो नेतोही होते. म्हणजे आधुनिक मानवाधिकार चळवळीच्या मुळाशी आपलाच सालाझार आहे. त्याचा कैदी त्या चळवळीला दिसला. त्याच्या राज्यातलं, पण दुसऱ्याच सरकारने थांबवलेल्या मनिऑर्डरीचं घर मात्र कोणाच्याच यादीत आलं नाही.

ती यादी अजून अपुरीच आहे. ६ ऑगस्ट १९९० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकवर निर्बंध घातले. औषधांना सूट होती, अन्नालाही अडचणीच्या काळापुरती होती, पण ती कागदावर. तेल विकता येत नसेल तर औषध घ्यायचं कशाने? पाण्याच्या शुद्धीकरणाचे सुटे भाग, क्लोरीन, सगळं समितीच्या मंजुरीत अडकायचं. बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवीय समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये. सद्दाम हुसेन त्यानंतरही सत्तेवरच होता.

संस्था अगदीच गप्प राहिल्या असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ह्युमन राइट्स वॉचने २०१९ मध्ये इराणमधल्या औषधांच्या टंचाईवर अहवाल काढला. पण असं बोलणं सहसा उशिरा येतं आणि एखाद्या देशापुरतं राहतं. तत्त्व तर कधीच मांडून झालेलं आहे: राज्यकर्त्यांनी नियम मोडले म्हणून जनतेचे मूलभूत आर्थिक-सामाजिक हक्क संपत नाहीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने १९९७ सालीच म्हटलंय.

यावर कोणी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण देईल. बरोबर आहे. पण तिथे बहिष्काराची हाक अल्बर्ट लुथुली यांच्यासारख्या, झळ सोसणाऱ्यांच्याच नेत्यांनी दिली होती. झळ कोणाला आणि निर्णय कोणाचा, हा फरक मोठा आहे.

म्हणून ह्या संस्थांकडे माझं मागणं सरळ आहे. तुरुंगातला माणूस मोजता, तसं निर्बंधाने अडलेलं घरही मोजा. निर्बंध जाहीर होतील त्या दिवशीच विचारा: हे कोणाला लागणार, किती दिवस, आणि उपयोग झाला नाही तर उठवणार कधी? निर्बंध घालणारा देश आपल्या मैत्रीतला असो वा नसो, प्रश्न तोच ठेवा. असं विचारलं म्हणजे हुकूमशहाची बाजू घेतली असं होत नाही.

आपल्या मंडळालाही यात काम आहे. त्या वर्षांतले प्रवासाचे परवाने, मनिऑर्डरच्या जुन्या पावत्या, मुंबईहून आलेली पत्रं अजून पेट्यांत पडून असतील. ती जमवूया, त्यांची नोंद करूया. मुक्तीसाठी घातलेल्या निर्बंधांनी घराघरांत काय केलं याचा कागदोपत्री पुरावा आपण देऊ शकलो, तर ह्या मागणीला नुसत्या मतापेक्षा जास्त वजन येईल.