शब्दवेध : ट्रॅकर

इंग्रजीतील ‘ट्रॅक’ म्हणजे माग किंवा चाकोरी. चित्रपटाच्या फितीच्या कडेला ज्या पट्टीवर ध्वनी मुद्रित होत असे, तिला याच अर्थविस्ताराने ‘साउंडट्रॅक’ म्हटले गेले, आणि कार्स्टेन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये कमोडोर अमिगा या घरगुती संगणकासाठी रचलेल्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ या आज्ञावलीच्या नावाचा उत्तरार्ध पुढे अशा सर्वच आज्ञावलींचे सामान्यनाम झाला. ट्रॅकरमध्ये काळ आडवा न धावता वरून खाली सरकतो. अमिगाच्या ‘पॉला’ या चिपमधील चार ध्वनिवाहिन्यांसाठी चार उभे स्तंभ असतात आणि त्यांतील प्रत्येक ओळीत स्वर, नमुना, म्हणजे मुद्रित ध्वनीचा छोटा तुकडा, व त्यावरील संस्कार अक्षरांनी आणि अंकांनी लिहिले जातात. ६४ ओळींचा असा एक आकृतिबंध हवा तितक्या वेळा फिरवता येत असल्याने आवर्तनावर उभ्या असलेल्या नृत्यसंगीताशी हे साधन विलक्षण जुळले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील ब्रेकबीट व जंगल या द्रुतलयीच्या प्रकारांतील अनेक तरुण रचनाकारांनी महागड्या सॅम्पलरऐवजी, म्हणजे ध्वनिनमुने वाजवणाऱ्या स्वतंत्र यंत्राऐवजी, अमिगाच वापरला, आणि त्या संगीताच्या इतिहासात या संगणकाला खरे तर वाद्याचाच मान मिळायला हवा.