परजिल्ह्यातील शाळेत प्रवेश : कायदा काय सांगतो?

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेथे उत्तर तीरावर रायगड जिल्ह्यातील बागमांडला आणि दक्षिण तीरावर रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवी ही गावे आहेत. फेरीबोटीने हे अंतर काही मिनिटांचे. परंतु एखादे कुटुंब या तीरावरून त्या तीरावर राहावयास गेले, तर त्यातील शाळकरी मूल एका जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतून दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत जाते. दहावीच्या परीक्षेपुरते बोलायचे तर ते मुंबई विभागीय मंडळातून कोकण विभागीय मंडळात जाते. अशा वेळी पालकांची पहिली धावपळ सुरू होते ती दाखल्यासाठी.

रायगडच्या किनारपट्टीला स्थलांतर नवे नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून उरण-पनवेल परिसरात राज्याच्या अन्य जिल्ह्यांतून नोकरदार आणि कामगार कुटुंबे येत राहिली. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर, म्हणजे शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने उलटल्यावर, नौकांवर काम करणारे खलाशी बंदरांत दाखल होतात. उलट दिशेने, पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर जिल्ह्याबाहेर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. नोकरीतील बदली एप्रिल-मेमध्ये झाली तर मुलाचे वर्ष सहसा बुडत नाही. मजुरीसाठी दिवाळीनंतर घर सोडावे लागले तर ते बुडू शकते. म्हणूनच या विषयातील नियम पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कायद्यातील तरतूद

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयोगटातील मुलांना इयत्ता आठवीपर्यंतचे शिक्षण त्याने हक्काचे केले. त्याच्या कलम ५ नुसार, राज्यात वा राज्याबाहेर, कोणत्याही कारणास्तव शाळा बदलावी लागल्यास मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. पूर्वीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. त्यात दिरंगाई करणारा मुख्याध्यापक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, दाखला मिळण्यास विलंब झाला या सबबीवर नवी शाळा प्रवेश लांबवू वा नाकारू शकत नाही.

याच कायद्यानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), मुलाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही (कलम १३) आणि सत्र सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही दारातून परत पाठविता येत नाही (कलम १५). स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळेत खंड पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे.

हक्काच्या मर्यादा

हा हक्क सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खासगी शाळा तसेच केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय, सैनिकी शाळा यांना कलम ५ लागू नाही. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी विद्यार्थ्याने ज्या जिल्ह्यात पाचवीचे शिक्षण घेतले तेथीलच तो रहिवासी असावा लागतो. त्यामुळे मूल पाचवीत असताना जिल्हा बदलणाऱ्या पालकांनी ही अट आधी तपासावी.

नववी व दहावीला हा कायदा लागू नाही. तेथे दहावीत शाळा बदलायची असल्यास विभागीय मंडळाची परवानगी लागते. ठाणे, पालघर, मुंबई व रायगड हे जिल्हे मुंबई विभागीय मंडळात, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग कोकण विभागीय मंडळात मोडतात. राज्य मंडळाच्या शाळांत पाठ्यपुस्तके मात्र बालभारतीचीच असल्याने, माध्यम तेच राहिले तर अभ्यासक्रम बदलत नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

गाव सोडण्यापूर्वी जुन्या शाळेत लेखी अर्ज देऊन दाखला मागावा व अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. दाखला हाती आल्यावर नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व जात या नोंदी जागेवरच तपासाव्यात. जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी पुढे याच नोंदींचा आधार घेतला जातो. शाळा सोडल्यानंतर त्या दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते. सोबत प्रगतिपुस्तक, जन्मदाखल्याची प्रत आणि मुलाचा ‘सरल’ प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक घ्यावा. नवी शाळा या क्रमांकाच्या आधारे संगणकावर मागणी नोंदविते आणि जुन्या शाळेने ती मान्य केली की मुलाची नोंद नव्या पटावर येते. हे काम दोन्ही शाळांचे आहे. ते पूर्ण होईपर्यंत मुलाने घरी बसण्याचे कारण नाही.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी राज्यात ‘शिक्षण हमी कार्डा’ची व्यवस्था आहे. मूल कोठवर शिकले याची नोंद असलेले हे कार्ड मूळ शाळा देते आणि ते दाखवून कामाच्या ठिकाणच्या जवळच्या शाळेत मुलाला बसता येते. शाळाबाह्य व स्थलांतरित मुलांच्या शोधासाठी जुलै २०२२ मध्ये ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ ही मोहीमही राबविण्यात आली होती. परंतु कार्ड मागितल्याशिवाय मिळतेच असे नाही. तेव्हा वीटभट्टीवर निघण्यापूर्वी ते मागून घ्यावे.

आधारची अडचण

आधार क्रमांक नाही म्हणून सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. तरीही शाळा आधारचा आग्रह धरतात, यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात आणि संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेले विद्यार्थी मोजण्याचे धोरण शासनाने अवलंबिले. नोंद न जुळणारे मूल शाळेच्या हिशेबात येत नाही. जुनी शाळा दाखला देण्यास कां-कूं करते त्यामागेही बहुधा पटसंख्या घसरण्याची हीच धास्ती असते. परंतु हा प्रश्न प्रशासनाचा आहे. त्याची किंमत मुलाने मोजू नये.

दाद कोठे मागावी?

प्रवेश नाकारला गेल्यास नकार लेखी मागावा. त्यानंतर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांना भेटावे. तेथे काम न झाल्यास जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. रायगडसाठी हे कार्यालय अलिबाग येथे आहे. शहरी भागात नगर परिषद वा महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे जावे लागते. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

तीन महिने हा मुलाच्या दृष्टीने शैक्षणिक वर्षाचा मोठा तुकडा आहे. वीटभट्टीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. म्हणून तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये. दाखल्याचा अर्ज, त्याची पोच आणि कायद्याच्या कलम ५ ची प्रत घेऊन मुलाला पहिल्याच दिवशी नव्या शाळेत न्यावे. दाखला मागाहून आला तरी चालतो.