नेती : सुताची आणि पाण्याची

सर्दी झाली की मी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतो. आसेगावात सगळे म्हणतात, हे हठयोगातले. पण ‘हठप्रदीपिके’तली नेती सुताची आहे, पाण्याची नाही! अमळनेरला शिकवणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले, ते योगक्रिया प्रयोगाने तपासण्यासाठी. मला ही वृत्ती मोलाची वाटते. २०१९ साली एडिंबरोत ६६ जणांच्या छोट्या अभ्यासात नाक धुणाऱ्या व गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सुमारे दोन दिवस आधी बरी झाली. मात्र २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात न उकळलेले नळाचे पाणी नाकात घेतल्यावर अमीबाच्या संसर्गाने दोघे दगावले. तेव्हा वाचकहो, जुनेपणाचा हवाला पुरेसा नाही; पाणी आधी उकळा, निवू द्या, मगच वापरा.