काचेआधीचे कापड

इंग्रजीच्या तासाला ‘विंडो पेन’ हे शब्द आले की एखादा विद्यार्थी हमखास आपले लिहायचे पेन उंचावून दाखवतो. हा पेन वेगळा. त्याचे स्पेलिंग पी-ए-एन-ई, आणि अर्थ खिडकीच्या चौकटीत बसवलेली काच, म्हणजेच आपले तावदान. तावदान हा शब्द फारसीतून आला. त्यातल्या ‘ताब’चा अर्थ प्रकाश. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र प्रकाशही नाही आणि काचही नाही. तिथे आहे कापड!

लॅटिनमध्ये ‘पान्नुस’ म्हणजे कापडाचा तुकडा. फ्रेंचमार्गे हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत आला तो वस्त्र किंवा वस्त्राचा भाग या अर्थाने. पुढे भिंतीच्या एका भागालाही तो लागू झाला आणि पंधराव्या शतकाच्या मध्यावर खिडकीतल्या काचेला. ‘पॅनेल’ही याच घराण्यातला. ज्यूरींची नावे लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा म्हणजे पॅनेल. मग त्यातली माणसेच पॅनेल झाली.

काच महाग होती तेव्हा युरोपात खिडक्यांना तेल लावलेले कापड ताणून बसवत. ‘पेन’ तिथूनच आला असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण वर पाहिलेला क्रम तसे सांगत नाही. कापड मागे पडले, ‘तुकडा’ हा अर्थ तेवढा उरला.

काचेच्या बाबतीत हा अर्थ चपखल बसला, कारण मोठी सपाट काच करताच येत नव्हती. एका रीतीत वितळलेल्या काचेचा गोळा फुंकून फुगवत, मग लोखंडी दांड्यावर गरागरा फिरवून त्याची तबकडी करत. तबकडी मध्याकडे जाड, कडेकडे पातळ. तिच्यातून चौकोनी तुकडे कापायचे. दुसऱ्या रीतीत फुंकलेली नळकांडी उभी चिरून सपाट करत. जाडी तिच्यातही सारखी येत नसे.

ही असमान जाडी आमच्या चांगलीच लक्षात आहे. जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात, कारण काच हा अतिशय सावकाश वाहणारा द्रव आहे, असे आम्ही विद्यार्थीदशेत ऐकले आणि पुढे वर्गात बिनदिक्कत सांगितलेही. काही जुन्या काचा वरच्या किंवा बाजूच्या कडेला जाड असतात, हे तपासायचे सुचले नाही. 1998 मध्ये ब्राझीलच्या झानोट्टो यांनी गणित मांडले. त्यानुसार नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी अधिक काळ लागेल. म्हणजे जाडीतला फरक काच बनवतानाच आलेला. काच बसवणारा जाड कड बहुधा खाली ठेवत असावा, इतकेच.

1959 मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली. आता भिंतभर अखंड काच मिळते. इंग्रजीत तिलाही ‘पेन’च म्हणतात.