कूफ्याचा पाठ

मुंबईतल्या मदरशात, इस्तंबूलच्या मशिदीत किंवा जकार्तात कुराणाचं पठण ऐकलं, तर सूर वेगवेगळे लागतात, पण शब्दांचे उच्चार एकाच वळणाचे असतात. हे वळण इराकमधल्या कूफा शहराचं. आठव्या शतकात तिथे आसिम नावाचे पाठक शिकवत. त्यांचे सावत्र पुत्र आणि शिष्य हफ्स यांनी तो पाठ पुढे नेला. आज बहुसंख्य मुसलमान हफ्स यांच्याच पाठाने कुराण वाचतात. पण कित्येक शतकं तो अनेक पाठांतला एक होता.

सातव्या शतकाच्या मध्यास खलिफा उस्मान यांनी प्रमाण प्रती तयार करवल्या. त्या काळच्या लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या, अक्षरांवरचे नुक्तेही जेमतेम. नुसतं पान बघून वाचणं अशक्यच. शब्द गुरूच्या तोंडून घ्यावा लागे. म्हणून प्रतीबरोबर पाठकही धाडल्याचं परंपरा सांगते. कूफ्यात अबू अब्दुर्रहमान सुलमी शिकवत, आणि आसिम त्यांच्यापाशी शिकले.

कुराणाच्या पहिल्याच सूरेत म्हणजे अध्यायात, फातिहात, हे जवळून पाहता येतं. चौथ्या आयतीच्या, म्हणजे वचनाच्या, आरंभी मीम, लाम, काफ एवढी तीनच अक्षरं आहेत. आसिम ती ‘मालिक’ अशी वाचतात, म्हणजे निवाड्याच्या दिवसाचा धनी. मदिनेचे नाफिअ ‘मलिक’ वाचतात, म्हणजे राजा. लिखाण एकच, उच्चार दोन, आणि परंपरेला दोन्ही मान्य. एवढं मोकळेपण या परंपरेत मुळापासून आहे, याचं मला फार मोल वाटतं.

या मोकळेपणाला कुंपण घातलं बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी. सन 936 मध्ये ते वारले, त्याआधी त्यांनी सात पाठ प्रमाण ठरवले: मदिना, मक्का, बसरा, दमास्कस यांचा एकेक आणि एकट्या कूफ्याचे तीन. उस्मानी प्रतीत न बसणारे पाठ म्हणणाऱ्या इब्न शन्नबूझ यांना 935 मध्ये वजीर इब्न मुक्ला यांच्यासमोर उभं करून फटके मारण्यात आले. हा वजीर म्हणजे अरबी सुलेखनाचा नामांकित उस्ताद.

पुढे ऑटोमन तुर्कांच्या राज्यात हफ्स यांचा पाठ पसरत गेला आणि बसऱ्याच्या अबू अम्र यांचा पाठ मागे पडला. मग छापखाना आला. 1924 साली कैरोत राजा फुआद यांच्या काळात विद्वानांच्या समितीने तयार केलेली प्रत सरकारी छापखान्यातून निघाली, ती हफ्स यांच्याच पाठाची. ती दूरवर नमुना ठरली. आपल्याकडच्या प्रतींनी पाठ तोच ठेवला, पण ठेवण आपली जपली: समासात ‘ऐन’ अक्षर, म्हणजे इथे रुकूअ (सूरेतला एक परिच्छेद) संपला, आणि त्याभोवती आकडे. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, असतात ते रमजानच्या तीस दिवसांना बेतशीर पडतात. मुलं मात्र बहुधा शेवटच्या पाऱ्यापासून सुरुवात करतात. तिथल्या सूरा आखूड, बहुतेक मक्केतल्या, कयामत आणि अनाथाची कणव सांगणाऱ्या, यमकांमुळे जिभेवर चटकन बसणाऱ्या. वारसा, देवघेव, करार यांचे लांबलचक नियम मदिनेतल्या सूरांत येतात, ते नंतर.

1934 मध्ये इजिप्तच्या सरकारी रेडिओचा आरंभ झाला तो दृष्टिहीन पाठक मुहम्मद रिफअत यांच्या आवाजाने. 1961 साली महमूद खलील हुसरी यांनी संपूर्ण कुराण ध्वनिमुद्रित केलं. सावकाश, गळ्याची करामत न दाखवता, प्रत्येक अक्षर त्याच्या जागी. रेडिओ आणि कॅसेटने हफ्स यांचा पाठ आणखी घरोघर नेला. आणि त्याच हुसरींनी नंतर नाफिअ यांचे शिष्य वर्श यांचा पाठही मुद्रित केला, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत आजही वर्श यांच्या पाठाने कुराण वाचतात. फातिहात तिथे ‘मलिक’ ऐकू येतं.