नवगावचे दोन उंचवटे

भाटांच्या बाडांत किंवा तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत ज्यांची कुळे नोंदलेली असतात, त्यांना आपले सात पिढ्यांचे पूर्वज नावानिशी सांगता येतात. परंतु ज्यांचे सारे ग्रंथ, त्यांच्याच परंपरेप्रमाणे, समुद्राने गिळले, त्यांनी आपले मूळ कोणत्या दफ्तरात शोधावे? पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने ते दोन ठिकाणी जतन केले: एक आडनावांत, आणि दुसरे अलिबागच्या उत्तरेस, किहीमच्या शेजारी, मौजे नवगाव येथील दफनभूमीत.

परंपरा अशी की, चेऊल बंदराच्या रोखाने येणारे एक गलबत या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत तीरास लागली. आणि लाटांनी जी प्रेते वाळूवर आणून टाकली, त्यांतील पुरुषांना एके ठिकाणी व स्त्रियांना दुसऱ्या ठिकाणी मूठमाती देण्यात आली. ते दोन उंचवटे म्हणजे या दफनभूमीचा आरंभ होय. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला, परंतु १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला या समाजाचा इतिहास हे आगमन इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेवतो. अन्य अभ्यासक ते कित्येक शतके अलीकडे आणतात. तथापि शकाविषयीचा वाद कितीही वाढला, तरी स्थळाविषयीची समाजाची श्रद्धा ढळलेली नाही.

वाचलेल्यांचे वंशज तेलाच्या घाण्यावर उदरनिर्वाह करीत गावोगाव पसरले. भाषा मराठी झाली, वेष कोकणी झाला. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही, हा नेम सुटला नाही, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. प्रार्थनांपैकी 'शमा' तेवढी ओठांवर उरली, मुलांची सुंता चालू राहिली, आणि खवले नसलेला मासा चुलीवर चढला नाही. ज्या गावी वस्ती झाली त्या गावाला 'कर' जोडून किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर अशी शंभराहून अधिक आडनावे झाली.

या नामावळीचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. मुंबईत १७९६ मध्ये या समाजाची पहिली मशीद, म्हणजे प्रार्थनामंदिर, ज्याने बांधले, तो सॅम्युअल इझिकेल दिवेकर मराठी व्यवहारात सामाजी हसाजी दिवेकर होता. सॅम्युअलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी झाला खरा. परंतु 'जी'च्या आड बायबलातील नाव जिवंत राहिले, बापाचे नाव लेकाच्या पाठीशी उभे राहिले, आणि शेवटी गावाची मुद्रा उमटली. तीन शब्दांत धर्म, वंश आणि वतन यांची अशी नोंद असलेल्या नावाला कागदी वंशवृक्षाची उणीव ती कितीशी भासावी?

आणि तरीही कागद मागितला गेलाच. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलमध्ये गेली. तेथे १९६२ मध्ये धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला, आणि या समाजाने दीर्घ आंदोलन केल्यावर, १९६४ मध्ये, केवळ त्यांचा नामनिर्देश करणारे शब्द त्यातून वगळण्यात आले. ज्यांनी ग्रंथावाचून शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांचा दाखला मागणे हा मला त्या निष्ठेचा अवमान वाटतो.

नवगावच्या उंचवट्यांखाली निजलेल्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही, आणि जे वाचले ते सात पुरुष व सात स्त्रिया यांचीही नावे परंपरेने सांगितलेली नाहीत. परंतु ज्यांना सारा समाज आपले म्हणतो, त्यांना एकाच कुळाचे नाव कसे पुरावे? म्हणूनच किहीमकर असो वा पेणकर, पुढे प्रत्येकाची वाट आपापल्या गावाकडे वळते. मागे मात्र त्या सर्व वाटा याच वाळूपाशी येऊन मिळतात.