कोंकणचा एकांत किनारा : कालचा आणि आजचा

मुदखेड हें नांव पुष्कळांनीं आगगाडीच्या वेळापत्रकांतच वाचलेलें असेल. नांदेडच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या या जंक्शनापासून आदिलाबादकडे एक फांटा जातो. येथल्या शिवारांत पडणारा पाऊस गोदावरीला मिळतो आणि गोदावरी तो पूर्वसमुद्राच्या स्वाधीन करते. पश्चिमसमुद्र आमच्यापासून सरळ रेषेंत मोजला तरी चारशें किलोमीटरांहून दूर आहे. असें असतांही हिवाळ्याची सुटी जवळ आली कीं नांदेड-लातुराकडील सुशिक्षित घरांतून हल्लीं एकच बेत ऐकूं येतो. ‘कोंकणांत कोठें तरी आडबाजूच्या गांवीं जाऊं, गर्दी नको, थाटाचें हॉटेल नको, वाळूवर तंबू असावा, हातांत गळ असावा आणि रात्रीं चुलीवर भाजलेला ताजा मासा असावा.’

श्रोतेहो, या बेताची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. जन्मभर भूगोल आणि इतिहास शिकविलेल्या माणसाला त्यांत एक प्रश्न मात्र दिसतो. ज्या एकांतासाठीं आज आपण पैसे मोजतों, तो एकांत या किनाऱ्यावर आला कोठून? आणि पूर्वीं त्याची किंमत कोण देत असे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठवाड्याचा समुद्राशीं कधींच संबंध नव्हता असें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेलें जलप्रवासाचें एक मार्गदर्शक पुस्तक उपलब्ध आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, या नगरांतून माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असे, असें तो सांगतो. कल्याण आणि चौल हीं बंदरेंही त्याला ठाऊक आहेत. आणि त्यापुढील किनाऱ्यावर चांचे असतात, असा इशाराही तो देतो. नाणेघाटांतील सातवाहनांचा शिलालेख आजही त्या जुन्या वाटेची साक्ष देत उभा आहे. आमचे पूर्वज समुद्राकडे जात. परंतु जात ते कापूस, कापड आणि रत्नें घेऊन. नुसता समुद्र पाहण्याकरितां कोणी घाट उतरत नसे.

पुढें शतकानुशतकें राज्यें बदललीं. निजामाच्या अमलांतील हैदराबाद संस्थानाला स्वतःचा समुद्रकिनाराच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो अंमल संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. म्हणजे नांदेडचा शेतकरी आणि हर्णैचा कोळी हे एका राज्याचे रहिवासी होऊन अद्याप शंभर वर्षेंही झालेलीं नाहींत. समुद्राविषयींचें आमचें कुतूहल इतकें टवटवीत कां, याचें एक कारण यांत आहे. दुसरें कारण पाण्याचें. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीनें पांच लाख लिटर पाणी आलें, तेव्हां तें पाहावयास लोक स्थानकावर जमले. जेथें पाणी घागरींनीं मोजलें जातें, तेथल्या माणसाला अमर्याद पाण्याच्या नुसत्या दर्शनानेंही तृप्ति वाटावी, हें स्वाभाविक आहे. त्यांतला एक थेंबही पिण्याच्या उपयोगाचा नाहीं, ही गोष्ट निराळी.

आतां किनाऱ्याकडे वळूं. कोंकणच्या ओसाड टोकांवर आणि बेटांवर हौसेवांचून मुक्काम करणारे पहिले लोक म्हणजे पहारेकरी आणि आरमारी शिपाई. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. चोहोंकडे खारें पाणी असतां त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्या नसत्या तर तेथें शिबंदी राहूं शकली नसती. १६७९ मध्यें खांदेरी बेटावर महाराजांच्या लोकांनीं तटबंदी उभारावयास घेतली, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं गलबतें आणून विरोध केला. तरीही तें काम थांबलें नाहीं. भर पावसांत त्या खडकावर राहून दगड रचणाऱ्यांना तेथील सृष्टिसौंदर्य न्याहाळण्यास किती उसंत मिळाली असेल, याचा विचार आपणच करावा.

हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हाही असाच. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा तो एक मोठा आधार होता. १७५५ सालीं पेशवे आणि इंग्रज यांनीं मिळून तुळाजी आंग्रे याजविरुद्ध मोहीम काढली. कमोडोर जेम्स यानें समुद्रांतून तोफांचा मारा करून हा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षीं विजयदुर्ग पडला आणि मराठ्यांच्या आरमाराचा कणा मोडला. जेथें आज सहलीचे लोक छायाचित्रें घेतात, तेथें एका राज्याची समुद्रावरील सत्ता संपत आली होती. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेले आहेत.

पेशवाई १८१८ मध्यें बुडाल्यावर इंग्रजांनीं दापोलीस लष्करी छावणी केली. समुद्रापासून कांहीं मैल आंत, उंचावरची, हवेशीर जागा त्यांनीं निवडली. छावणीला त्यांच्या भाषेंत ‘कँप’ म्हणतात. लोकांच्या तोंडीं त्याचें ‘काप’ झालें आणि गांवाला ‘काप दापोली’ हें नांव पडलें. छावणी उठली, पलटणी गेल्या, पण शब्द राहिला. आज तरुण मंडळी ज्याला ‘कँपिंग’ म्हणतात त्याचें कोंकणांतलें हें जुनें रूप पाहा : तंबू तोच, वारा तोच, परंतु तंबूंतला माणूस हुकुमाचा ताबेदार.

एकांताचा आणखी एक उपयोग सरकारला माहीत होता, तो शिक्षेचा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८५ मध्यें पदच्युत करून पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. १९१६ मध्यें त्याचा तेथेंच अंत झाला. त्याच्यासाठीं बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. विनायकराव सावरकर यांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत स्थानबद्ध करून ठेवलें होतें. एका बाजूस सह्याद्रि, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि आगगाडी कोठेंच नाहीं; पहारेकऱ्याला याहून सोयीची जागा ती कोणती? आपण जिला ‘जगापासून दूर’ म्हणून वाखाणतों, तिचाच हा जुना सरकारी अर्थ होता.

ही दूरता प्रत्यक्षांत कशी होती तेंही ऐका. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी बंदरोबंदरीं थांबत. परंतु बहुतेक ठिकाणीं धक्का नसे. आगबोट खोल पाण्यांत उभी राही आणि बायका, पोरें, बोचकीं यांसह उतारू पडावांतून हेलकावे खात किनाऱ्यास लागत. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद पडे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं. आमच्या गोदावरीखोऱ्यांतली आगगाडी त्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें धांवत होती.

या मधल्या काळांत कोंकणचा माणूस काय करीत होता? तो गांव सोडून जात होता. जमीन तुटपुंजी, पीक एक, कुटुंब मोठें; म्हणून कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत किंवा गोदींत जाई आणि घर मनिऑर्डरीवर चाले. एकांत किनाऱ्यावर फिरतांना बंद दारांचीं, अंगणांत गवत माजलेलीं घरें आपणांस दिसतात. आपण म्हणतों, ‘काय ही शांतता!’ या शांततेचा कांहीं भाग निसर्गानें दिलेला आहे हें खरें. पण कांहीं भाग गेलेल्या माणसांनीं मागें ठेवलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें हें विसरूं नये.

जे मागें राहिले त्यांत कोळी, गाबीत, भंडारी असे दर्यावर जगणारे लोक पुष्कळ. मासे धरणें हा त्यांचा विरंगुळा नव्हे. रापण पाहिली म्हणजे हें पटतें. होडींतून लांबच लांब जाळें अर्धवर्तुळांत समुद्रांत सोडतात आणि त्याचीं दोन्ही टोकें किनाऱ्यावर आणून दोन रांगांतील माणसें तासन् तास ओढतात. मिळालेल्या मासळींत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वांटा असतो. ती एक जुनी सहकारी संस्थाच म्हणा ना! मोठ्या यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनीं या लहानांच्या तोंडचा घांस जातो, अशी तक्रार वाढत गेली आणि २०१६ सालीं राज्यसरकारनें त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. तंटा मात्र अजून मिटलेला नाहीं.

या लोकांची एक विद्या पाहुण्यानें अवश्य शिकावी. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि तेथून सुमारें सहा तासांनीं ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित् अधिक उशिरां माथ्यावर येतो, म्हणून हा हिशेब जमतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. शाळेंतल्या पोरालाही येणारें हें गणित. परंतु तेवढ्यानेंही समुद्र कळला असें होत नाहीं. वाळूखालचे खळगे आणि पाण्याची ओढ हीं प्रत्येक गांवाचीं निराळीं असतात आणि तीं त्या गांवच्या कोळ्यालाच ठाऊक असतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले बाराहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीं तेथें वादळ नव्हतें. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं ही तारीख ध्यानांत ठेवावी आणि पाण्यांत पाय घालण्यापूर्वीं गांवच्या माणसाला विचारावें.

आतां या किनाऱ्याचे दिवस पालटले आहेत. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रसरकारच्या अधिसूचनेनें भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यांत बांधकामावर नियंत्रण आलें. पुढें त्या नियमांत वेळोवेळीं फेरफार झाले. १९९७ मध्यें सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुणे येऊं लागले, पैसा येऊं लागला आणि मुंबईस गेलेल्यांपैकीं कांहींचीं मुलें गांवीं परत येऊन खानावळी व निवास चालवूं लागलीं. हें शुभ चिन्ह आहे. परंतु पाहुण्यांना जी वाळू मोकळी दिसते, ती कोळणीची मासळी सुकविण्याची जागा असते. जेथें तंबू ठोकतां येईल, तेथें होडी ओढून ठेवावयाची असते. तेवढी जागा गेली कीं धंदा गेला, धंदा गेला कीं वस्ती उठली, आणि मग उरलेला एकांत केवळ विकाऊ असतो.

याच्या उलट वाट दाखविणारें एक गांव आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास आहे. नाना फडणविसांच्या घराण्याचें मूळ गांव. तेथें समुद्रांतलीं कासवें वाळूंत अंडीं घालतात. पूर्वीं तीं अंडीं माणसें व कोल्हीं नेत. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांना हाताशीं धरून तीं राखण्याचें काम आरंभिलें आणि २००६ पासून कासव-महोत्सव होऊं लागला. अंडीं कुंपणांत सुरक्षित ठेवतात आणि पिलें निघालीं म्हणजे तीं समुद्राकडे सोडतात. पाहावयास येणारे लोक गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, त्यांच्याच चुलीवरचें जेवतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाच्या चक्रीवादळानें या भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या, तेव्हां अशा पाहुण्यांशीं जडलेला घरोबा कांहीं घरांच्या उपयोगीं पडला असेल, तर त्यांत नवल नाहीं.

मुक्कामाची हौस आम्हां मराठवाड्याच्या लोकांना परकी नाहीं. पंढरीच्या वाटेवर राहुटी आहे, माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत पालें आहेत. उघड्या आभाळाखालीं निजणें आमच्या आजोबांना माहीत होतें. फरक इतकाच कीं, ते माणसांत जाण्यासाठीं घर सोडीत आणि आपण माणसांपासून दूर होण्यासाठीं सोडतों. शहरांतली दाटी वाढली, त्याचा हा परिणाम. त्याला दोष कशाला द्यावा? परंतु यात्रेकरूचा एक नियम आपण बरोबर न्यावा : जेथें उतरावयाचें तेथें देव आधीं, पुजारी आधीं, गांव आधीं, आणि आपण मागून. किनाऱ्यावर तो मान दर्याचा आणि कोळ्याचा आहे. त्याला विचारून तंबू ठोकावा, त्याच्याकडून मासळी रास्त दरानें घ्यावी, आपला कचरा आपण परत न्यावा, आणि संध्याकाळीं त्याच्या ओट्यावर घटकाभर बसून त्याच्या आजाच्या काळच्या गोष्टी ऐकाव्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्या सांपडत नाहींत. आणि ओट्यावरचा म्हातारा गेला म्हणजे कोठेंच सांपडणार नाहींत.